सात नंबरचा धूर

आगारात त्यांना सगळे नोझलकाका म्हणत. हे नाव कामावरून पडलं होतं. डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा मारणारी बोटभर लांबीची तोटी असते, तिला नोझल म्हणतात. ती खोलणं, साफ करणं, तपासून परत बसवणं यात या माणसाची चौतीस वर्षं गेली. नोझलला डिझेल पुरवणारा पंपही त्यांच्याच हाताखालचा. आगारात दहा बस होत्या. सकाळी त्या शाळेच्या मुलांना नेत आणि त्यानंतर गिरणीच्या पाळीच्या कामगारांना.

काकांची खोली टायरच्या शेडला लागून होती, दहा फूट बाय बारा फूट. पत्रा ठोकलेलं एक टेबल, वस्तू आवळून धरायचा एक व्हाइस, नोझल तपासायचं हाताने दाबायचं यंत्र, एक खिडकी आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची त्यांनी मुद्दाम ठेवली नव्हती. "दुसरी खुर्ची आली की गप्पा आल्या," असं ते म्हणत. साडेबाराला डबा, एक ते एक दहा डोळे मिटून बसणं, मग पुन्हा काम. बोलणं बेताचं. कानाला मात्र क्षणाची विश्रांती नसे. घरी जेवताना रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की घास हातातच राहायचा.

"तिसरं नोझल गळतंय त्याचं," काका म्हणायचे.

"आधी आपला मोरीतला नळ गळतोय, तो बघा," असं बायको म्हणायची.

त्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारी योजनेचं पत्र आलं. आगाराच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावून ते वाचून दाखवलं. वडिलांच्या मागे त्या गेली एकोणीस वर्षं आगार चालवत होत्या आणि कागद वाचताना आवाज जराही वरखाली करत नसत. जुनी डिझेल बस द्यायची, तिच्या जागी विजेवर चालणारी नवी बस घ्यायची, आणि नव्या बसच्या किमतीचा दोन तृतीयांश वाटा सरकार देणार. अटी होत्या. जुनी बस स्वतःच्या पायांवर तपासणी केंद्रात आली पाहिजे, ढकलून आणलेली चालणार नाही. तिच्या धुराचा आकडा मीटरवर पन्नासच्या वर गेला पाहिजे. मंजुरी मिळाली की अधिकाऱ्यासमोर तिच्या इंजिनाला भोक पाडायचं, म्हणजे ती परत कोणी चालवणार नाही. चार्जिंगच्या यंत्रणेचा खर्चही सरकार करणार, पण मालकाच्या किमान दहा बस मंजूर झाल्या तरच. शिवाय दर आगारातल्या एका मिस्त्रीला नव्या गाड्यांचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण फुकट मिळणार होतं.

"आपल्याकडे बरोब्बर दहा आहेत," बाई म्हणाल्या. "नऊ मंजूर झाल्या तर चार्जिंगचे पैसे मिळणार नाहीत आणि चार्जिंगशिवाय त्या बस शोभेच्या. जुन्यांचे परवाने पुढच्या मार्चला संपतात, ते वाढवून मिळणार नाहीत. म्हणजे दहाच्या दहा, नाहीतर आगाराला कुलूप. प्रशिक्षणाला मिस्त्री जातील."

आगारावर एकतीस घरं चालत होती. काका तेवढे म्हणाले, "आयुष्यभर धूर कमी करायचा पगार घेतला. आता धूर दाखवायला गाड्या न्यायच्या."

"म्हणूनच तुम्हाला सांगते, मिस्त्री. तपासणी होईपर्यंत इंजिनांना हात लावायचा नाही. ब्रेक बघा, दिवे बघा, हवा भरा."

"आणि बंद पडली तर?"

"बंद पडली तर चालू करा. पण बरी करू नका."

सव्वीस दिवस काकांनी हा हुकूम पाळला. इंजिनांचे आवाज बिघडत गेले तसे ते दार लावून बसू लागले. आगारातली वायरिंग बघणारी बाई एकदा दिव्याचं बटण बदलायला आली, तर काका कानात कापूस घालून बसलेले. वायरिंगताई तिशीची, तोंडाने फटकळ.

"काय काका, उपास का?"

"उपासच म्हण," काका म्हणाले.

सत्ताविसाव्या दिवशी, मंगळवारी, सात नंबरचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत, कारण त्याच्या बसला सायकलवालेसुद्धा मागे टाकत.

"काका, सकाळी शाळेच्या फाटकात दोनदा खोकली."

"बाई काय म्हणाल्या, आठवतंय ना?"

"आठवतंय की. मी कुठे म्हणतोय दुरुस्त करा? मी आपलं सांगून ठेवलं."

काका दहा मिनिटं बसून राहिले. मग बॅटरी घेऊन, नुसतं बघायला म्हणून सात नंबरकडे गेले. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. ती काढायचं काम पाऊण तासाचं, आणि हुकमात बसणारं. पण एकदा पाना हाताला लागल्यावर हात काही थांबेना. त्यांनी पहिलं नोझल काढलं, त्याचं तोंड काळं झालं होतं. एक साफ केलं आणि पाच घाण ठेवली, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला सहाच्या सहा नोझल चकचकीत होऊन जागेवर गेली, दाब तपासला गेला, आणि सात नंबर शिवणयंत्रासारखी सुरेल चालू लागली. हात पुसताना काकांच्या लक्षात आलं की आपण गाडी बरी केली.

तरी त्यांनी मनाची समजूत घातली. बावीस वर्षांचं इंजिन, नोझल साफ केली म्हणून कितीसा धूर कमी होणार? बाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. इथे त्यांचं चुकलं. अकरा वर्षांपूर्वी आपणच सात नंबरला काय केलं होतं, ते त्या वेळी त्यांना आठवलंच नाही.

तपासणी अठरा फेब्रुवारीला, गुरुवारी होती. केंद्राच्या आवारात दहा बस ओळीने उभ्या राहिल्या. तपासनीस सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला, खिशात टोक काढलेल्या दोन पेन्सिली. सायलेन्सरमध्ये मीटरची नळी घालायची, ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबायचा, आकडा उतरवायचा, असं तीन वेळा. एक नंबरने चौसष्ट दिला. दोन नंबरने एकाहत्तर. तीन नंबरने काळा ढग सोडून त्र्याऐंशी दिला, तेव्हा बाकीच्या ड्रायव्हरांनी तीन नंबरवाल्याची पाठ थोपटली. एरवी आपल्या बसचा धूर दिसला की मान खाली घालणाऱ्या बाई त्या दिवशी आकड्यागणिक समाधानाने मान हलवत होत्या.

सात नंबरने अडतीस दिला.

तपासनिसाने नळी पुसली, पुन्हा लावली. सदतीस. पुन्हा अडतीस. त्याने चष्मा काढला आणि बसकडे जरा कौतुकाने बघितलं.

"ही गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "ही बदलायचं मला काही कारण दिसत नाही."

बाईंनी काकांकडे बघितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पुन्हा तपासणी मिळते का?"

"एकदा मिळते. चार मार्चपर्यंत. पण पंधरा दिवसांत अडतीसचे साठ झाले, तर ते कसे झाले हे मी विचारणार."

परतीच्या वाटेवर बाई गाडीत काकांच्या शेजारी बसल्या होत्या. आगाराचं फाटक आलं तेव्हा म्हणाल्या, "हात लावलात ना?"

"लावला."

"मला वाटलंच होतं. मी तुम्हाला सांगायला नको होतं, तुमच्या खोलीला कुलूप घालायला हवं होतं."

पण नोझल साफ करून आकडा अडतिसावर येत नाही, हे काकांना ठाऊक होतं. ते तडक सात नंबरपाशी गेले, पंपावरची धूळ पुसली, आणि शिशाचं सील बघितल्यावर सगळं लख्ख आठवलं. पंपावर एक स्क्रू असतो. जास्तीत जास्त किती डिझेल जाईल, ते त्यावर ठरतं. कारखान्यातून येताना त्याला तार ओढून शिशाचं सील मारलेलं असतं आणि ते कोणी तोडायचं नसतं. अकरा वर्षांपूर्वी सात नंबरला लहान मुलांच्या शाळेची फेरी मिळाली. मुलं बसच्या मागे रांग लावत, आणि सायलेन्सर नेमका त्यांच्या तोंडाच्या उंचीवर येई. काकांनी आठवडाभर ते पाहिलं, आणि एका शनिवारी सील तोडून स्क्रू सव्वा फेरा मागे घेतला. धूर गेला आणि त्याबरोबर गाडीची ओढही गेली. चढावर ती कुंथू लागली. ड्रायव्हर चार दिवस शिव्या घालत होता, मग सवय होऊन सावकाश चालवू लागला. त्याला एक्सप्रेस हे नाव पडलं ते तेव्हापासून. काकांनी घरचं शिसं ओतून नवं सील मारलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक्सप्रेसच उपाय घेऊन आला. "काका, हवेच्या फिल्टरात एक फडकं कोंबू. साधं फडकं. हवा अडली की काळाकुट्ट धूर. तपासणी झाली की काढून टाकू. कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुम्हाला कळलं तर काय बिघडलं? तुम्ही तपासनीस आहात का?"

"नाही. पण तो आहे, आणि तो फिल्टर उघडून बघणारा माणूस आहे. पेन्सिली बघितल्यास ना त्याच्या?"

एक्सप्रेस कपाळाला हात लावून निघून गेला. काकांनी ऑफिसातून योजनेची पुस्तिका मागून घेतली. चौतीस पानं होती. त्यांना वाचायची सवय नव्हती, तीन दुपारी गेल्या. नवव्या कलमात लिहिलं होतं की तपासणीच्या वेळी गाडी निर्मात्याने ठरवून दिलेल्या मापावर असली पाहिजे. मापात कधी फेरफार केला असेल तर तपासणीआधी लेखी कळवायचा. लपवलेला आढळला तर त्या मालकाच्या सगळ्या गाड्या बाद. काकांनी बोट तिथेच ठेवून बराच वेळ विचार केला. पंपावरच्या पट्टीत मूळ माप कोरलेलं होतं. स्क्रू त्या मापावर परत नेला, तर नव्या इंजिनाला झेपायचं तेवढं डिझेल या बावीस वर्षांच्या इंजिनात जाईल, आणि ते त्याला पचणार नाही. धूर होईल, आणि तो खरा धूर असेल. लबाडी करायची गरजच नव्हती. लबाडी झाली असेल तर ती अकरा वर्षांपूर्वी, आणि ती लिहून द्यायची होती.

मग त्यांनी पुढची पानं उलटली. सतराव्या कलमात प्रशिक्षणाच्या अटी होत्या. सीलबंद पंपात फेरफार केल्याची ज्या मिस्त्रीच्या नावावर नोंद झाली असेल, त्याला पाच वर्षं प्रशिक्षण मिळणार नाही. काका छप्पन्न वर्षांचे होते. साठाव्या वर्षी आगारातून निवृत्ती.

ते पुस्तिका घेऊन बाईंकडे गेले आणि दोन्ही कलमं दाखवली. बाईंनी ती दोनदा वाचली.

"माप परत पट्टीवर न्या," त्या म्हणाल्या. "पण लिहून कशाला द्यायचं? सील तुमचंच आहे. पुन्हा मारा, धूळ फासा."

"अडतीसचे सत्तर होतील बाई. तो विचारणार म्हणालाय. तेव्हा आपण काय सांगायचं?"

"सांगू की गाडी म्हातारी आहे, तब्येत बदलते."

"पंधरा दिवसांत?"

बाई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर वायरिंगताई शिडीवर चढून फाटकाचा दिवा बसवत होती, तिकडे बघत त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून दिलंत तर तुमचं प्रशिक्षण गेलं. डिझेलच्या गाड्याही जाणार. मग मी तुम्हाला कुठे ठेवू, ते मला आज सांगता येणार नाही. खोटं आश्वासन मी देत नाही."

"मी मागायला नाही आलो. तुम्हाला कळावं म्हणून आलो."

"एक विचारू? तेव्हा सील तोडताना मला का नाही विचारलंत?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," बाई म्हणाल्या, "म्हटलंच असतं."

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम करायची, अक्षर मोत्यासारखं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मटार सोलायचं काही थांबवलं नाही.

"म्हणजे चार वर्षं तुम्ही घरी बसणार?"

"ठरलेलं नाही अजून."

"ठरलेलं नाही म्हणजे बसणारच. माझ्या डोक्यावर. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांची नाडी बघत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मुलीला काय सांगायचं? जावयांना सांगून ठेवलंय तिने, बाबा आता विजेच्या गाड्या शिकणार म्हणून."

"सांग, नाही शिकणार."

"सोपं आहे तुमचं." मटारचं भांडं तिने बाजूला सरकवलं. "आणा तो कागद. तुमच्या हाताने लिहिलंत तर तपासनिसाला वाटेल कोंबडी चालून गेली. आणि लांबण लावू नका. मुलांच्या तोंडावर धूर यायचा वगैरे लिहायचं नाही."

"का? खरं आहे ते."

"खरं आहे, पण ते तुमची बाजू मांडण्यासारखं दिसेल. त्यांनी बाजू मागितलेली नाही. काय केलं, कधी केलं, एवढंच विचारलंय."

कागदावर पाच ओळी झाल्या. खाली काकांनी सही केली. सही तेवढी त्यांच्या अक्षरात, तिरकी, शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

दोन मार्चला सकाळी काकांनी स्क्रू सव्वा फेरा पुढे घेतला, पट्टीवरच्या मापाशी तीन वेळा ताडून पाहिला, आणि या वेळी सील मारलं नाही. तार नुसती लोंबत ठेवली. चार तारखेला एक्सप्रेस काकांना शेजारी बसवून बस घेऊन निघाला. चढावर गाडीने अशी उसळी घेतली की त्याने घाबरून पाय काढला.

"काका, ही अशी पळत होती?"

"अकरा वर्षांपूर्वी."

"आणि तुम्ही लोकांना मला अकरा वर्षं एक्सप्रेस म्हणू दिलंत."

केंद्रावर तपासनिसाने आधी कागद वाचला. मग बॉनेट उघडायला लावलं, फिल्टर काढून उजेडाकडे धरला, लोंबती तार बघितली, पट्टीवरचं माप आपल्या मापाशी ताडलं. यात वीस मिनिटं गेली. बाई आवाराच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पर्समधली किल्ली त्या सारखी चाचपत होत्या. फेरफार लपवला होता असं तपासनिसाने ठरवलं, तर दहाही गाड्या बाद होणार होत्या, हे बाई, काका आणि एक्सप्रेस या तिघांनाही माहीत होतं.

"हे अठरा तारखेला का नाही सांगितलंत?" त्याने काकांना विचारलं.

"तेव्हा आठवलं नव्हतं."

"सील तोडलेलं विसरतं का कोणी?"

"सहा नोझल साफ करताना मला दुसरं काही आठवत नाही, साहेब."

तपासनिसाने त्यांच्याकडे बघितलं. तो स्वतःही कधीकाळी गॅरेजमधून आलेला असावा, नसावा; त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. "का केलं होतं ते यात लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"विचारलेलं नव्हतं."

"बरोबर. विचारलेलं नाही." त्याने नळी लावली. एक्सप्रेसने पाय दाबला. मागचं अर्धं आवार दिसेनासं झालं. त्र्याहत्तर, एकाहत्तर, त्र्याहत्तर.

तपासनिसाने पहिल्या पेन्सिलीने आकडे लिहिले. फेरफार तपासणीआधी लेखी कळवला, गाडी मूळ मापावर आहे, मंजूर. मग पान उलटून दुसऱ्या एका रकान्यात काकांचं नाव लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. "इथे सही. हे काय आहे, माहीत आहे ना?"

"सतरावं कलम."

"वाचलंय म्हणजे तुम्ही. बहुतेक जण वाचत नाहीत."

काकांनी सही केली. बाईंनी पर्सची चेन लावली आणि गाडीकडे गेल्या. दहा बस मंजूर झाल्या.

एप्रिलमध्ये इंजिनांना भोकं पाडायचं काम झालं. ते कोणाकडूनही करून घेता आलं असतं, पण काकांनी स्वतः केलं. अधिकारी उभा, हातात जाड ड्रिल, एका इंजिनाला साधारण बारा मिनिटं. त्यांनी एक ते दहा क्रमाने पाडली. सात नंबरसाठी ते जास्त थांबले नाहीत, कमीही नाही. बघायला जमलेल्यांना काहीतरी घडेल असं वाटलं होतं, त्यांची निराशा झाली. एक्सप्रेसने विचारलं, "काका, वाईट वाटलं का?"

"ड्रिलचा बिट बोथट होता," काका म्हणाले.

प्रशिक्षणाला वायरिंगताई गेली. जायच्या आदल्या दिवशी ती काकांच्या खोलीत आली आणि बसायला जागा नसल्याने उभीच राहिली. "तुमची जागा घेतली असं वाटतंय मला."

"मला विजेतलं कळत नाही, तुला नोझलमधलं कळत नाही. जागा माझी कधी होती?" काका म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांनी प्रशिक्षणासाठी नवी वही आणि पट्टी आणून ठेवली होती. ती त्यांनी तिला दिली. तिने घेतली.

भोकं पाडलेल्या बसच्या जागी विजेच्या दहा नव्या बस आल्या, नंबर तेच, एक ते दहा. बाईंनी काकांना ब्रेकचं काम दिलं. पगार तोच राहिला, पंपाचा भत्ता गेला. ब्रेक विजेच्या बसलाही लागतातच, असा बाईंचा हिशेब. पण ऑगस्टमध्ये वायरिंगताई परत आली, तेव्हा एक जाड पुस्तक आणि एक बातमी घेऊन आली.

"काका, या गाड्यांचा ब्रेक फारसा वापरलाच जात नाही. पाय काढला की मोटरच गाडी आवरते. ब्रेकचं लायनिंग वर्षानुवर्षं झिजत नाही."

काका म्हणाले, "म्हणजे इथेही काम नाही."

"तसं नाही. ही ओळ वाचा." तिने पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. न वापरल्याने ब्रेक गंजू शकतात, अधूनमधून तपासावेत, एवढंच लिहिलं होतं.

"अधूनमधून म्हणजे किती?"

"तेवढंच लिहिलंय."

"कितीने गंजतो ते लिहिलेलं नाही?"

"नाही."

काकांनी ती ओळ उतरवून घेतली. पुढचा आठवडाभर ते संध्याकाळी परत आलेल्या प्रत्येक बसखाली, गाडी खालून बघायच्या खड्ड्यात उतरून, पडलेल्या गंजाची नोंद करत राहिले: कोणत्या चाकाला किती, गाडी धुतल्यावर किती, उभी राहिल्यावर किती. शनिवारी त्यांनी बाईंच्या टेबलावर दहा गाड्यांचं वेळापत्रक ठेवलं, दर गाडी तीन आठवड्यांनी एकदा. बाईंनी वाचून त्यावर सही केली.

सोमवारी सकाळी त्यांनी एक नंबर खड्ड्यावर घ्यायला सांगितली.